तालिलिन रेल्वेच्या रूळदुरुस्तीच्या टोळीत: एक परीक्षण

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील टाउइन या लहानशा गावातून निघून डोंगरातल्या नांट ग्वेर्नॉलपर्यंत जाणारी तालिलिन रेल्वे ही स्वयंसेवकांनी वाचवलेली जगातील पहिली रेल्वे म्हणून ओळखली जाते. तिच्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे रेल्वेप्रेमी मराठी मंडळींमध्येही अधूनमधून फिरत असतात. त्या इंजिनांखालचे रूळ कोण सांभाळते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. प्रस्तुत परीक्षण गाडीच्या प्रवासाचे कमी आणि त्या रुळांवरच्या कामाचे अधिक आहे. तिकीट काढून बसण्याऐवजी सुटीचे दिवस खर्ची घालून फावडे हाती घेण्याची जी संधी ही रेल्वे देते, ती घेण्याजोगी आहे का, आणि असल्यास कोणासाठी, एवढाच प्रश्न येथे आहे. मी बर्मिंगहॅममध्ये नोकरी करतो. हौस म्हणून या टोळीत जाऊन येत असल्यामुळे उत्तर अगदीच तटस्थ असेल असा माझा दावा नाही.

आधी प्रवासाबद्दल थोडक्यात. मार्ग सव्वासात मैलांचा, म्हणजे सुमारे १२ किलोमीटरचा आहे आणि एका बाजूला तासापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. वेग बेताचाच असतो. पेंद्रे येथील इंजिनशेड मागे टाकली की कुरणे सुरू होतात, पुढे दरीच्या कडेने चढत गाडी डॉल्गॉखच्या तीन कमानींच्या विटांच्या पुलावरून जाते, आणि अबरगनॉल्विनच्या पुढचा शेवटचा तुकडा दाट झाडीतून जातो. डॉल्गॉखला उतरून धबधबा पाहावा आणि परतीच्या गाडीने यावे, असा बहुतेकांचा क्रम असतो व तो चांगला आहे. डबे अरुंद आहेत, गुडघे समोरच्याच्या गुडघ्यांना लागतात, आणि दारे एकाच बाजूला आहेत. या दारांची हकिकत पुढे येईल, कारण तिचा संबंध थेट रुळांशी आहे.

ही रेल्वे मुख्यतः प्रवाशांसाठी बांधलेली नव्हती. ब्रिन एग्ल्विसच्या खाणीतील पाटीचा दगड समुद्राकाठी उतरवण्यासाठी ती १८६५ च्या सुमारास घातली गेली. दगडाने भरलेले वॅगन उताराने खाली आणि रिकामे वर, अशी तिची सोपी रचना होती. रुळांमधील अंतर, म्हणजे गेज, २ फूट ३ इंच (६८६ मिलिमीटर). हे माप दुर्मीळ आहे. शेजारची कॉरिस रेल्वे सोडल्यास ब्रिटनमध्ये त्याची उदाहरणे बोटांवर मोजता येतील इतकीच. १९११ मध्ये सर हेन्री हेडन जोन्स या स्थानिक खासदारांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतल्या. आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालू राहील असा शब्द त्यांनी दिला होता आणि १९४६ च्या डिसेंबरात दरड कोसळून खाण बंद पडल्यानंतरही तो पाळला. ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा ही छोटी कंपनी यादीतून सुटली, त्यामुळे तिला तारणारे सरकार नव्हते आणि मोडीत काढणारेही नव्हते. १९५० च्या जुलैत सर हेडन वारले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅममधील एका हॉटेलात बैठक भरली, लेखक टॉम रोल्ट यांच्या पुढाकाराने संवर्धन संस्था स्थापन झाली, आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी टाउइनहून ऱ्हिडरॉनेनपर्यंत धावली.

त्या पहिल्या उन्हाळ्यातील खरी अडचण इंजिनाची आहे असे कोणालाही वाटेल, आणि चालू स्थितीतले इंजिन एकच होते हे खरेही आहे. तरी त्याहून मोठी अडचण जमिनीवर पसरलेली होती. लोखंडी रूळ बऱ्याच ठिकाणी मूळ बांधणीच्या वेळचे, म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षांचे होते. रूळ ज्यांवर टेकतात ते आडवे लाकडी स्लीपर कुजलेले होते आणि दोन्ही रुळांमध्ये गवताचा गालिचा इतका घट्ट वाढला होता की रूळ जागेवर धरून ठेवण्याचे काम तेच करीत आहे असे म्हटले जाई. गवत काढावे तर रूळ सरकणार, न काढावे तर स्लीपर दिसणार नाहीत, अशा कात्रीत पहिली टोळी सापडली होती. संस्थेच्या पुढच्या पाऊणशे वर्षांची नोंद इंजिनांच्या नावांनी लिहिली जाते. माझ्या मते ती बदललेल्या स्लीपरांनी लिहायला हवी.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कॉरिसच्या इंजिनांचा प्रसंग. कॉरिस रेल्वे १९४८ मध्ये बंद पडली, तिची दोन इंजिने माप जुळत असल्यामुळे १९५१ मध्ये प्रत्येकी २५ पौंडांना विकत घेतली गेली. त्यांतील ‘सर हेडन’ तालिलिनच्या रुळांवर चालवून पाहिले, तर ते रुळांच्या मध्ये खाली उतरू लागले. शोध घेतल्यावर लक्षात आले की तालिलिनचे रूळ नियमित मापापेक्षा सुमारे अर्धा इंच अधिक अंतरावर बसवलेले आहेत, आणि हे गलथानपणामुळे झालेले नव्हते. जुन्या कंपनीचे ‘डॉल्गॉख’ हे इंजिन चाकांमधील लांब अंतरामुळे वळणावर अडखळत असे, म्हणून जुन्या लोकांनी जाणूनबुजून अंतर सैल ठेवले होते. त्यांच्या इंजिनांच्या चाकांचा रुळावर टेकणारा भाग रुंद होता, त्यामुळे ते निभावून जाई. कॉरिसच्या इंजिनांची चाके अरुंद होती, त्यांना तो अर्धा इंच परवडला नाही. म्हणजे दोन पिढ्यांनी आपापल्या जागी योग्यच केलेले काम एकमेकांसमोर आले आणि त्याचा निवाडा शेवटी गेजपट्टी हातात घेतलेल्या माणसांना करावा लागला. आजही टोळीत नवीन आलेल्याला पहिल्यांदा जे साधन हाती दिले जाते ते फावडे नसून गेज मोजण्याची पट्टी असते, आणि ते योग्यच आहे.

दारांचे तसेच. १८६६ मध्ये सरकारी निरीक्षक कॅप्टन टायलर तपासणीसाठी आले, तेव्हा रस्त्यांच्या पुलांखाली डबा आणि पुलाची भिंत यांच्यातील मोकळी जागा दोन फुटांहूनही कमी भरली. नियम अडीच फुटांचा होता. पूल पाडून पुन्हा बांधणे कंपनीला झेपणारे नव्हते. म्हणून एका बाजूची दारे कायमची बंद केली गेली आणि पुलांखाली रूळ मध्यावरून एका बाजूला सरकवले गेले, जेणेकरून उघडणाऱ्या दारांच्या बाजूला पुरेशी जागा राहील. दीडशे वर्षांपूर्वीच्या या तडजोडीचा हिशेब रूळवाल्यांना आजही द्यावा लागतो. साध्या ठिकाणी रूळ दोन बोटे इकडे-तिकडे सरकला तर तो पुढच्या फेरीत ओढून घेता येतो. पुलाखाली मात्र भिंतीपासूनचे अंतर मोजल्याशिवाय पहार लावायची नाही असा शिरस्ता आहे. हे मला जेव्हा प्रत्यक्ष पुलाखाली उभे करून दाखवले गेले, तेव्हा प्रवासी म्हणून अनेकदा वैताग आणलेल्या त्या बंद दारांविषयीची माझी तक्रार संपली.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. सकाळी सर्वप्रथम सुरक्षेची माहिती दिली जाते आणि ती उरकून टाकण्याच्या सुरात दिली जात नाही. नारिंगी जाकीट, पोलादी टोपीचे बूट, हातमोजे, गाड्या धावत असतील तर नजर ठेवणारा स्वतंत्र माणूस, त्याने इशारा दिला की हत्यारे कुठे टाकायची आणि आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे सर्व ठरलेले असते. ब्रिटनमधील हेरिटेज रेल्वे हौशी लोकांनी चालवलेल्या असल्या तरी त्यांच्यावर ‘ऑफिस ऑफ रेल अँड रोड’ या सरकारी नियामकाची देखरेख असते, आणि प्रवासी वाहून नेणाऱ्या मार्गावर ‘स्वयंसेवकाने केले’ ही सबब चालत नाही. तुम्ही बसवलेल्या स्लीपरवर दुसरा कोणीतरी अनुभवी माणूस हात ठेवून, पट्टी लावून, प्रसंगी उखडायला लावून मगच पुढे जातो. ज्यांना सुटीत कोणी चुका काढलेल्या आवडत नाहीत त्यांनी येथेच वाचणे थांबवले तरी चालेल.

स्लीपर बदलणे हे या कामातील रोजचे कौशल्य आहे आणि त्याचे वर्णन थोडे विस्ताराने करतो, कारण बाहेरून पाहणाऱ्याला त्यात फक्त अंगमेहनत दिसते. कुजलेला स्लीपर वरून पुष्कळदा धडधाकट दिसतो. पहारीचे टोक त्याच्या कडेला, रूळ टेकतो त्या जागेजवळ दाबून पाहिले की लाकूड ठणकते की भुसभुशीत आत जाते यावर निर्णय होतो. मग दोन्ही बाजूंची खडी उकरायची, आणि ती नुसती उकरून भागत नाही, कारण स्लीपर रुळाखालून आडवा सरकवत बाहेर काढायचा असतो. त्यासाठी त्याच्या तळापेक्षा किंचित खोल चर एका बाजूला मोकळा करावा लागतो. रूळ धरून ठेवणारे स्क्रू सोडवायचे. गंजलेला एखादा स्क्रू सर्वांचा मिळून अर्धा तास खातो. जॅक लावून रूळ केसभर उचलायचा. जास्त उचलला तर शेजारच्या स्लीपरांखाली खडी घुसते आणि तुम्ही एक दोष काढताना तीन नवे निर्माण करता. जुना स्लीपर चिमट्याने ओढून काढायचा, नवा त्याच वाटेने आत सरकवायचा, काटकोनात आणायचा, गेज तपासायचे, स्क्रू बसवायचे. आणि आता खरे काम सुरू होते: पॅकिंग.

पॅकिंग म्हणजे स्लीपरच्या तळाखाली खडी ठासून भरणे, जेणेकरून वरून इंजिन गेले तरी तो खाली दबणार नाही. यंत्रे उपलब्ध आहेत आणि वापरलीही जातात, पण एकटदुकट स्लीपरखाली फावड्याने किंवा बीटरने (खडी ठासण्याच्या हत्याराने) ठासण्याची पद्धत अजून टिकून आहे. खडी नेमकी रुळाखालच्या भागात पक्की बसवायची आणि स्लीपरच्या मध्यभागी मुद्दाम थोडी सैल ठेवायची असते. मध्यभागही तेवढाच घट्ट भरला तर स्लीपर मधोमध टेकून दोन्ही टोकांनी डुलू लागतो. नवशिक्या माणसाची चूक नेमकी येथेच होते, कारण मध्यभागी फावडे सहज पोहोचते आणि रुळाखाली पोहोचत नाही. काम झाल्यावर पुढची गाडी येईपर्यंत थांबायचे आणि चाक वरून जात असताना तो स्लीपर पाहायचा. तो हलला नाही, शेजारून चिखलाची चूळ उडाली नाही, तर मुकादम काही न बोलता पुढच्या स्लीपरकडे वळतो. प्रशस्तीपत्रक म्हणून मला ते पुरले.

फिशप्लेटचे काम त्यामानाने हलके आहे, आणि ज्यांच्या पाठीला खडी मानवत नाही त्यांनी ते मागून घ्यावे. दोन रुळांची टोके जोडणाऱ्या या पट्ट्या सोडवायच्या, रुळाचे टोक खरवडून स्वच्छ करायचे, बोल्टच्या छिद्रांभोवती कुठे तडा गेला आहे का ते बारकाईने पाहायचे, वंगण लावायचे आणि पुन्हा आवळायचे. रूळ उन्हाने लांबतो, म्हणून दोन टोकांमध्ये थोडी फट ठेवलेली असते. पट्ट्या गंजून रुळाला चिकटल्या तर त्या फटीचा उपयोग उरत नाही आणि तापलेला रूळ बाजूला फुगतो. वेल्समध्ये ऊन ते किती, असे आपल्याला वाटते. पण लोखंडाला घाम फुटायला जळगावचा मे महिना लागत नाही. म्हणून हे काम उन्हाळ्याआधी उरकले जाते. गाडी जोडावरून जाताना होणारा जो ‘खडाक्-खट्’ आवाज प्रवाशांना प्रिय असतो, तो याच जोडांचा असतो.

या सर्वांहून मोठा शत्रू म्हणजे पाणी. वेल्सचा पाऊस आपल्यासारखा चार महिने कोसळून निघून जाणारा नाही. तो वर्षभर, थोडा थोडा आणि चिवटपणे पडतो. पानगळीचा कुजलेला थर खडीत उतरतो, खडीमधल्या फटी बुजतात, पाणी साचते, स्लीपरखालची माती पातळ होते, आणि प्रत्येक चाकाबरोबर ती वर उसळू लागते. अशा जागी कितीही पॅकिंग केले तरी पंधरा दिवसांत पहिले पाढे पंचावन्न. माझे काका मध्य रेल्वेत पी. डब्ल्यू. आय., म्हणजे रुळांच्या देखभालीचे निरीक्षक होते आणि त्यांची उमेदीची वर्षे कर्जत-लोणावळा घाटात गेली. मी फोनवर मोठ्या उत्साहाने पॅकिंगचे वर्णन करू लागलो तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, “ते राहू दे. गटार साफ केलं का आधी? ट्रॅकमधलं पाणी काढ, मग बाकीचं बघ.” तालिलिनच्या टोळीतील जुनी माणसे हेच सांगतात. त्यामुळे नव्या स्वयंसेवकाच्या वाट्याला डोंगराकडील चर उपसणे, नळ्यांची तोंडे मोकळी करणे आणि झुडपे तोडणे हे काम भरपूर येते. झाडझाडोरा तोडण्याचे काम हिवाळ्यातच होते, कारण वसंतात पक्षी घरटी करतात आणि तेव्हा कुंपणाच्या झुडपांना हात लावायचा नसतो. हे काम छायाचित्रात चांगले दिसत नाही. चिखलाने माखलेल्या माणसाचे आणि एका भोकाचे चित्र कोण पाहणार? पण रूळ टिकतात ते त्याच भोकामुळे.

काकांचा पुढचा प्रश्न अधिक मार्मिक होता. “फुकट काम करतात, वर स्वतःच्या खर्चानं जातात, मग मुकादम त्यांना ओरडतो कसा?” तो ओरडत नाही, हे खरे उत्तर. रेल्वेकडे मोजके पगारी कर्मचारी आहेत आणि त्यांच्याभोवती स्वयंसेवकांची ये-जा चालू असते. शनिवारी आलेला माणूस निवृत्त शिक्षक असेल, रविवारी आलेली मुलगी अभियांत्रिकीची विद्यार्थिनी असेल, आणि दोघांच्या पाठीची, डोळ्यांची व कौशल्याची कुवत वेगळी असेल. आज हाताशी कोण आहे हे पाहून काम वाटायचे, नवख्याला धोक्याच्या जागेपासून दूर पण कंटाळ्यापासूनही दूर ठेवायचे, आणि तरीही दुपारच्या गाडीआधी रूळ मोकळा करून द्यायचा, हे व्यवस्थापनाचे कौशल्य मला पॅकिंगपेक्षा अवघड वाटते. शिकवण्याची पद्धत म्हणाल तर ती जुन्या कारागिरांची आहे: एकदा करून दाखवतात, एकदा तुमच्याकडून करून घेतात, आणि मग तुम्ही दुसऱ्या कोणाला दाखवता. ‘का’ हा प्रश्न विचारलेला त्यांना आवडतो. बहुधा उत्तर थोडे लांबते आणि चहाच्या वेळेपर्यंत चालते.

येथे माथेरानची आठवण होणे अपरिहार्य आहे आणि अनेक मित्रांनी मला तोच प्रश्न विचारला: आपल्या नेरळ-माथेरान गाडीला असे स्वयंसेवक का मिळू नयेत? आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेला आणि १९०७ मध्ये सुरू झालेला तो ६१० मिलिमीटरचा मार्ग तालिलिनपेक्षा कितीतरी कठीण आहे. त्याची वळणे अधिक तीव्र आहेत, चढ अधिक उभा आहे, आणि सह्याद्रीचा पाऊस जे करतो ते वेल्सच्या पावसाला जमणार नाही. २००५ च्या जुलैमधील अतिवृष्टीने तो मार्ग उद्ध्वस्त झाला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाहून गेला तो २०२२ च्या ऑक्टोबरात रुळावर आला. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंदच ठेवावा लागतो. अशा दरडींसमोर शनिवार-रविवारचे हौशी फावडे पुरणार नाही, हे एक. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. आपल्याकडे रुळांवरचे काम हे हजारो कुटुंबांचे पोट आहे. गँगमन आणि चावीवाला उन्हापावसात, रात्री-अपरात्री मैलोन्‌मैल चालतात तेव्हा आपले मार्ग सुरक्षित राहतात, आणि त्या कामाला समाजात जी किंमत मिळायला हवी ती मिळत नाही. तेच काम पगारदार पांढरपेशे लोक सुटीत आनंदाने करतात ही गोष्ट ब्रिटनमध्ये साजरी होते. मला ती आवडते, पण तिच्यातली विसंगतीही दिसते. माथेरानला उपयोग व्हायचा तर तो फुकट मजुरीचा नको. मार्गाचा इतिहास लिहिणारे, जुनी साधने व छायाचित्रे जपणारे, स्थानकांवर माहिती देणारे आणि त्या गँगमनांना आपण काय करतो हे पर्यटकांना सांगण्याची संधी देणारे मंडळ तिथे शोभेल.

उणिवांकडे वळू. पहिली, ही सुटी स्वस्त वाटली तरी तशी नसते. राहण्याची सोय स्वयंसेवकांसाठी माफक दरात होते, पण जागा मर्यादित असतात आणि आगाऊ विचारणे आवश्यक आहे. प्रवासखर्च व बूट-कपडे आपले आपण पाहायचे. दुसरी, रूळ बदलण्याची मोठी कामे गाड्या बंद असतात तेव्हा, म्हणजे हिवाळ्यात निघतात. ज्याला ‘खरे काम’ करायचे आहे त्याला अंधार लवकर पडणाऱ्या, ओल्या, बोटे बधिर करणाऱ्या दिवसांतच जावे लागते, आणि ज्याला सुखद हवा हवी आहे त्याच्या वाट्याला दोन गाड्यांच्या मधल्या वेळातली किरकोळ कामे येतात. तिसरी, हवामान बिघडले की बेत बदलतो आणि तुम्ही ज्या कामासाठी आलात ते कदाचित होणारच नाही. चौथी उणीव या रेल्वेची एकटीची नसून साऱ्या हेरिटेज रेल्वेंची आहे. टोळीत केस पिकलेल्यांचे प्रमाण मोठे आहे, आणि त्यांच्या डोक्यातील ज्ञान (कोणत्या वळणावर पाणी कुठून येते, कोणता जोड दर वर्षी खचतो) कागदावर उतरण्याआधी निवृत्त होऊ लागले आहे. आपल्यासारखा वेगळ्या रंगाचा चेहरा टोळीत क्वचितच दिसतो, हेही नमूद करतो. वागणुकीत मला कधी काही खटकले नाही, पण पहिल्या चहाच्या वेळी आपण तिथे कसे आलो याची कथा सांगावी लागते.

याच भागात दुसरे पर्याय आहेत. फेस्टिनिऑग रेल्वे अधिक लांब, अधिक प्रसिद्ध आणि अधिक गजबजलेली आहे. जलविद्युत प्रकल्पाच्या तलावाखाली तिचा जुना मार्ग गेल्यावर स्वयंसेवकांनी १९६५ ते १९७८ या काळात डोंगर फोडून नवा मार्ग बांधला आणि उंची गाठण्यासाठी दुआल्त येथे रेल्वेचा वळसा घालून तिला स्वतःवरूनच नेले. त्या कामाला तोड नाही. तिच्याशी जोडलेली वेल्श हायलँड रेल्वे २०११ मध्ये पूर्ण झाली. तिचे सुमारे ४० किलोमीटर रूळ नव्याने घालताना स्वयंसेवकांचा मोठा वाटा होता. भव्य कामाची ओढ असेल तर तिकडे जावे. तालिलिनचे काम भव्य नाही. तिच्या मार्गात शेवटची मोठी भर पडली ती १९७६ मध्ये, जेव्हा अबरगनॉल्विनच्या पुढचा खनिजवाहू तुकडा प्रवाशांसाठी तयार करून नांट ग्वेर्नॉलपर्यंत नेला गेला. त्यानंतर जे चालू आहे ते फक्त राखणे आहे. वायव्य वेल्सचे पाटीच्या दगडाचे क्षेत्र २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यात ही रेल्वेही समाविष्ट आहे. त्यामुळे राखण्याच्या कामाला थोडी औपचारिक प्रतिष्ठा मिळाली. चर उपसणाऱ्याच्या चिखलात त्याने काही फरक पडलेला नाही.

माझा निष्कर्ष असा. लहान मुलांना घेऊन एका दिवसाची सहल करायची असेल तर तालिलिनला तिकीट काढून जरूर जावे. टाउइन स्थानकाजवळचे नॅरोगेज संग्रहालय पाहावे आणि डॉल्गॉखला उतरावे. यंत्रे प्रिय असलेल्या, पण इंजिनाच्या पायरीवर उभे राहण्यासाठी वर्षानुवर्षे रांग लावण्याची तयारी नसलेल्या माणसाने रुळांच्या टोळीत यावे, कारण येथे पहिल्याच दिवसापासून हाताला खरे काम मिळते आणि चूक सुधारणारा माणूस शेजारीच असतो. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर आधी स्पष्ट सांगावे. फिशप्लेट, गेजनोंदी, नजर ठेवण्याचे काम अशी हलकी कामेही महत्त्वाचीच आहेत. केवळ छायाचित्रे हवी असतील तर येऊ नये. पाच तारकांपैकी चार, आणि पाचवी न देण्याचे कारण फक्त जानेवारी.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यावहारिक. बर्मिंगहॅमहून श्रूझबरीमार्गे किनाऱ्याकडे जाणारी गाडी मखनथ्लेथ येथे दोन भागांत तुटते. एक भाग अबरिस्टविथला जातो आणि दुसरा टाउइनमार्गे उत्तरेकडे, म्हणून चढतानाच आपला डबा विचारून घ्यावा. भारतातून पर्यटक म्हणून येणाऱ्यांना ब्रिटनच्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत मर्यादित काळ स्वयंसेवा करता येते, पण निघण्यापूर्वी चालू नियम आणि संस्थेचे म्हणणे दोन्ही तपासावे. शाकाहारी मंडळींची गावात उपासमार होत नाही, तरी दुपारी रुळांच्या कडेला बसून खाण्यासाठी दशम्या किंवा ठेपल्यांसारखे कोरडे काहीतरी जवळ असलेले बरे. चिवड्याचा डबा मात्र मोठाच न्यावा, कारण तो टोळीत फिरतो आणि परत येत नाही. पावसाळी पँट हवीच. पोलादी टोपीचे बूट नवे कोरे घालून जाऊ नयेत, आधी महिनाभर घरी वापरून मऊ करून घ्यावेत.